वकील नायक, आरोपी सहाय्यक



एका दोन ऑक्टोबरची गोष्ट सांगतो. रातपाळी करून सकाळी घरी आलो. अंगावर कापसाचं भुसकट, कानात रिंग फ्रेमचा आवाज तसाच. त्या दिवशी आमच्या सेवाग्रामात बाहेरच्या गाड्यांची रीघ असते. आश्रमात प्रार्थना, सूतकताई, बापूकुटीसमोर फोटो. वस्तीत मात्र ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही. आमच्या टीव्हीवर 'गांधी' लागला होता. आजा खाटेवर बसून पाहत होता. मीही भिंतीला टेकून पाहिला. शेवटी चिता जळाली, अस्थी नदीत गेल्या, सिनेमा संपला. तसा आजा म्हणाला,

"काहून रे बाबू, येवढा लांबलचक शिनेमा झाला, याच्यात आपले बाबासायेब कुठी हायेत?"

"नाहीत."

"नाईत म्हंजे? मी झोपलो होतो का मधात?"

"नाही आजा, तू जागाच होता. तेच नाहीत."

आजा गप्प झाला. मला झोप येईना. तीन तास अकरा मिनिटांचा सिनेमा. त्यात आफ्रिका आहे, चंपारण आहे, मीठ आहे, गोलमेज परिषदही ओझरती येऊन जाते. पण पुणे करार नाही, येरवड्यात ज्याच्याशी तो करार झाला तो माणूस नाही. आणि हा सिनेमा जगातला त्या वर्षीचा सगळ्यात मोठा. त्याला बक्षिसं किती मिळाली, कोणाला मिळाली, म्हणून मी शोधायला निघालो. मी शिकलेला माणूस नाही. बारावीत पडलो आणि गिरणीत लागलो. वर्ध्याच्या वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात जे सापडलं ते वाचलं, वहीत टिपलं. त्या वहीतून हा लेख होतो आहे. याला इतिहास म्हणायचा की नाही हे प्राध्यापकांनी ठरवावं.

आधी आमच्या गावाचं. हे गाव तेव्हा सेगाव. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधी इथे राहायला आले. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. सेगाव आणि शेगाव या नावांत टपालाचा घोटाळा व्हायचा म्हणून. पण गांधी आले त्याच १९३६ च्या मे महिन्याच्या सुरवातीला बाबासाहेबही इथे येऊन गेले. सोबत वालचंद हिराचंद होते. येवल्याला 'हिंदू म्हणून मरणार नाही' हे जाहीर करून तेव्हा सातच महिने होत आले होते. म्हणजे गांधींनी सेगावात बिऱ्हाड मांडलं न मांडलं तोच बाबासाहेब त्यांच्या समोर बसले होते. आमच्या मातीवर बसले होते. आश्रम पाहायला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे. देव नाही, आपणच जाणा.

आता बक्षिसाचं. ११ एप्रिल १९८३, अमेरिकेतला ऑस्करचा सोहळा. 'गांधी'ला अकरा नामांकनं होती, आठ बक्षिसं मिळाली. उत्कृष्ट अभिनेत्याच्या यादीत पाच नावं. डस्टिन हॉफमन, जॅक लेमन, पॉल न्यूमन, पीटर ओ'टूल आणि बेन किंग्जली. मिळालं किंग्जलीला. त्यानंतर तीनच दिवसांनी चौदा एप्रिल. आपण निळ्या पताका लावत होतो, आणि जग टाळ्या वाजवत होतं एका अशा सिनेमाला, ज्यात आपला बाप नव्हता.

किंग्जलीने काम वाईट केलं असं मी म्हणत नाही. माणसाने जीव ओतला आहे. आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडीने कस्तुरबा केली. इंग्लंडच्या बाफ्टाने तिला सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस दिलं, मॉरीन स्टेपलटनसोबत विभागून. मराठी बाईला असं बक्षीस, अभिमान वाटतो. पण तिचा एक प्रसंग पाहा. आफ्रिकेतला आश्रम आहे. कस्तुरबेच्या वाट्याला संडास साफ करण्याची पाळी आली आहे. ती म्हणते, हे अस्पृश्यांचं काम. गांधी चिडतात, तिला ओढत दारापर्यंत नेतात. प्रसंग भारी वठला आहे. मूळ गोष्ट गांधींच्या आत्मकथेत आहे. डर्बनच्या घरात एक कारकून राहायचा, पंचम जातीच्या आईबापांचा, ख्रिस्ती झालेला. त्याचं भांडं उचलण्यावरून नवराबायकोचं भांडण. आत्मकथेत त्या कारकुनाचं नाव नाही. सिनेमात तर तो माणूसच नाही. भांडं राहिलं, घाण राहिली, भांडणारे दोघे राहिले, त्या दोघांनाही बक्षीस मिळालं. ज्याचं भांडं होतं तो गळाला.

ही गळती कुठून लागली ते पाहू म्हणून मी मागे गेलो.

आपल्याकडे 'फिल्मफेअर'च्या आणि सरकारी बक्षिसांची सुरवात १९५४ सालची. 'फिल्मफेअर'ने २१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिली बक्षिसं वाटली. फक्त पाच. अभिनेता दिलीपकुमार, 'दाग'साठी. अभिनेत्री मीनाकुमारी, 'बैजू बावरा'साठी. त्याच वर्षी सरकारनेही राष्ट्रपतींचं सुवर्णपदक सुरू केलं, ते पहिलं पदक आपल्या मराठीला. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. पण सरकारकडे तेव्हा नटासाठी बक्षीसच नव्हतं. वनमालाबाईंनी आई उभी केली, पदक सिनेमाला. सरकारने नटनटीला बक्षीस द्यायला सुरवात केली ती १९६७ च्या सिनेमांपासून. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस.

'फिल्मफेअर'ने दुसऱ्याच वर्षी, १९५५ मध्ये, 'सहाय्यक' नावाचा वेगळा कप्पा काढला. त्यात पहिल्यांदा डेव्हिड 'बूट पॉलिश'साठी आणि आपल्या उषा किरण 'बादबान'साठी. हा 'सहाय्यक' शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आणि नामांकन म्हणजे काय? नाव मांडणं. या माणसाचा विचार झाला होता, असं चारचौघांत सांगणं. बक्षीस एकालाच मिळतं, पण यादीत नाव आलं तरी ते नाव लोकांच्या तोंडी होतं. १९६३ मध्ये तर गंमत झाली. 'फिल्मफेअर'च्या अभिनेत्रीच्या यादीत तीन नावं, तिन्ही मीनाकुमारीची. 'आरती', 'मैं चुप रहूंगी' आणि 'साहिब बीबी और गुलाम'. जिंकली कोण, मीनाकुमारी. हरली कोण, तीही मीनाकुमारी.

आपल्याला नावाची किंमत कोणी शिकवायला नको. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं म्हणून २७ जुलै १९७८ ला ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. तेव्हा 'नुसतं नामांकन तर आहे' असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. नाव ही नुसती गोष्ट नसते.

तर आपलं नाव, आपला चेहरा या याद्यांमध्ये कसा आला? चेहरा फार लवकर आला. तोंड मात्र दुसऱ्याचं.

१९३६. गांधी सेगावात आले त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अछूताची पोर कस्तुरी, काम केलं देविकाराणीने. तेव्हा बक्षिसं नव्हती. पण दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान देविकाराणीलाच गेला, १९६९ सालचा. कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते.

१९५९. बिमल रॉय यांचा 'सुजाता'. ब्राह्मणाच्या घरात वाढलेली अस्पृश्य पोर. काम नूतनचं, आपल्या शोभना समर्थांची लेक. १९६० मध्ये तिला 'फिल्मफेअर' मिळालं. ही पोर मरत नाही. पण तिचं रक्त घरच्या आईच्या रक्ताशी जुळतं, ती रक्त देते, तेव्हा कुठे ती घरची होते. म्हणजे एकीने रुळावर रक्त सांडायचं, दुसरीने बाटलीत द्यायचं. रक्त दिल्याशिवाय माणसात धरायचं नाही असा हिशेब.

१९७४. श्याम बेनेगलांचा 'अंकुर'. शबाना आझमीची लक्ष्मी, जमीनदाराच्या घरी राबणारी दलित बाई. साधू मेहेरचा तिचा मुका-बहिरा नवरा. दोघांनाही त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार. पुढे 'चक्र', जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. झोपडपट्टीतली अम्मा स्मिता पाटीलने केली. राष्ट्रीय पुरस्कारही तिला, 'फिल्मफेअर'ही तिला. १९८४ मध्ये गौतम घोष यांचा 'पार'. बिहारमधलं जळीत, गाव सोडून पळालेलं दलित जोडपं. पोटासाठी नसीरुद्दीन शाह आणि शबाना डुकरांचा कळप नदीतून पोहत पलीकडे नेतात. दोघांना राष्ट्रीय पुरस्कार, नसीरला व्हेनिसमध्येही उत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस.

या लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही. स्मिता पाटील नळावर, उकिरड्यावर अशी बसते की माझी माय आठवते. नसीर पाण्यात धापा टाकतो तेव्हा माझी छाती भरून येते. नटाने दुसऱ्याच्या कातडीत शिरावं, तेच त्याचं काम. आमचं म्हणणं एवढंच, की कातडी नेहमी आमची आणि शिरणारा नेहमी दुसरा, असं का? आम्हाला कोणाच्या कातडीत शिरायला का बोलावलं नाही? निदान आमच्या स्वतःच्या तरी?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त डसला तो 'आक्रोश'. १९८० चा सिनेमा. गोविंद निहलानी दिग्दर्शक, लिहिणारे विजय तेंडुलकर. लहान्या भिकू नावाचा आदिवासी. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर. बायकोवर बलात्कार करून तिला मारलं गावच्या बड्यांनी. लहान्या बोलत नाही. कोर्टात नाही, तुरुंगात नाही, वकिलासमोर नाही. सगळा सिनेमा त्याच्या न बोलण्यावर उभा आहे. शेवटी बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो आणि आपल्याच बहिणीला मारतो, की निदान हिची तरी तशी गत होऊ नये. मग ओरडतो. त्या ओरडण्याचंच नाव सिनेमाला आहे.

लहान्या ओम पुरीने केला. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी नसीरने केला. १९८१ च्या 'फिल्मफेअर'मध्ये दोघांनाही बक्षीस मिळालं. कोणाला काय मिळालं?

वकिलाला उत्कृष्ट अभिनेता.

आरोपीला उत्कृष्ट सहाय्यक अभिनेता.

मी हे वाचलं तेव्हा वाचनालयातच हसलो. आवाज झाला, बाजूचा म्हातारा वळून पाहू लागला. बायको ज्याची मेली, बाप ज्याचा मेला, बहीण ज्याने स्वतःच्या हाताने मारली, फाशी ज्याच्यासमोर, तो सहाय्यक. आणि त्याचं दुःख समजून घ्यायला निघालेला कुलकर्णी, तो नायक. बक्षीस देणाऱ्यांनी मुद्दाम कट केला असं नाही. त्यांना ते साधं, सरळ वाटलं. ज्याची वाक्यं जास्त तो नायक. पण आमच्या माणसाला वाक्यं का नाहीत, हेच तर तो सिनेमा ओरडून सांगत होता. बक्षीस ठरवताना तेवढं कोणाला ऐकू आलं नाही.

माझ्या गिरणीतही असंच चालतं. तुटलेला धागा सांधणारी बाई आठ तास फ्रेमच्या बाजूने चालते, किती कोस होतात तिलाच माहीत. महिन्याचं उत्पादन वाढलं की फलकावर फोटो लागतो सुपरवायझरचा. खाली लिहितात, 'सहकाऱ्यांच्या साहाय्याने'. आम्ही ते सहाय्य.

अमेरिकेत आपले काळे भाऊ हेच भोगून बसले आहेत. त्यांच्याच ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या पँथरने नाव घेतलं. ऑस्करमध्ये 'सहाय्यक' कप्पा निघाला तो १९३६ च्याच सिनेमांपासून. आणि १९४० मध्ये, सेगावचं सेवाग्राम झालं त्या वर्षी, हॅटी मॅकडॅनियल नावाच्या काळ्या बाईला 'गॉन विथ द विंड'साठी सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. काळ्या माणसाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. तिचे आईबाप गुलामीत जन्मलेले. काम मोलकरणीचं. बक्षिसाच्या रात्री तिला बाकीच्या नटांसोबत बसू दिलं नाही, भिंतीकडेला वेगळं टेबल. गावकुसाबाहेरचं टेबल म्हणा. मुख्य अभिनेत्याचं बक्षीस काळ्या माणसाला, सिडनी पॉयटियरला, मिळायला १९६४ उजाडलं. मुख्य अभिनेत्रीचं मिळायला २००२, हॅली बेरीला. पण त्यांच्याकडे हिशेब आहे. कोणाला कधी मिळालं, कोण पहिला, कोण दुसरा, त्यांनी लिहून ठेवलं आहे. आपला हिशेब कोणी लिहिला?

आता आजाच्या प्रश्नाकडे येतो. बाबासाहेब कुठे आहेत?

ते आले. डॉ. जब्बार पटेलांनी इंग्रजीत 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' केला. बाबासाहेब झाला केरळचा मामुट्टी, रमाई सोनाली कुलकर्णी, आणि गांधी मोहन गोखले. १९९८ सालचा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मामुट्टीला मिळाला, 'जख्म'मधल्या अजय देवगणसोबत विभागून. इथे पुणे करार आहे. इथे गांधी येतो आणि जातो, बाबासाहेब राहतात. मी हा सिनेमा आजाला मोबाईलवर दाखवला. आजा दोन दिवस पुरवून पुरवून पाहत होता. मग म्हणाला, "मानूस चांगला हाय. चालनं बरोबर पकडलं. पन चष्मा पुसाचं नाई जमलं त्याले." आजाला असं बोलायचा हक्क आहे. तो मी शेवटी सांगतो.

आणि आपली पोरं? तीही आली. उशिरा आली. २०१३ चा 'फँड्री', आपल्या नागराज मंजुळेचा. करमाळ्याकडचा हलगी वाजवणारा पोरगा सोमनाथ अवघडे जब्या झाला. पुन्हा डुक्कर. 'पार'मध्ये नसीरने डुक्कर नदीपार नेलं, उत्कृष्ट अभिनेता. जब्या गावासमोर, आवडत्या पोरीसमोर डुकरामागे धावतो, ते मेलेलं डुक्कर काठीला बांधून, शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, जोतिबा-सावित्रीच्या चित्रासमोरून वाहून नेतो. सोमनाथला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, उत्कृष्ट बाल कलाकार. पोरगा लहान होता, नियम बरोबर आहे. 'सैराट'च्या रिंकू राजगुरूला २०१५ चा 'विशेष उल्लेख'. सगळा सिनेमा त्या अकलूजच्या पोरीने बुलेटवर बसवून पळवला. हाही नियमच असेल. सहाय्यक, बाल, विशेष उल्लेख. दारं उघडतात, पण मागची आधी उघडतात. तरी सोमनाथचं नाव पुकारलं गेलं त्याचा आनंद मला माझ्या पगारवाढीपेक्षा जास्त झाला, हे खोटं कशाला बोलू?

आणि एक आपला नागपूरचा. वीरा साथीदार. 'विद्रोही' मासिक चालवणारा, चळवळीतला माणूस. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये तो शाहीर नारायण कांबळे झाला. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. पुन्हा आरोपी! पण हा लहान्यासारखा मुका नाही. हा गातो, सुटला की पुन्हा गातो, पुन्हा पकडतात. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये बक्षीस मिळालं, २०१४ चा उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला तोच गेला. साथीदारला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार नाही. विचार तरी झाला होता का? ते कळायची सोय नाही. कारण राष्ट्रीय पुरस्कारात नामांकनाची यादी जाहीरच होत नाही. परीक्षक बंद दाराआड सिनेमे पाहतात, बाहेर येतं ते फक्त जिंकणाऱ्याचं नाव. दाराआड कोणाचं नाव निघालं, कोणाचं निघालंच नाही, सगळं आत राहतं. १३ एप्रिल २०२१ ला वीरा साथीदार करोनाने गेले. जयंतीच्या आदल्या दिवशी.

आता आजाचा हक्क. 'गांधी'ला ऑस्कर मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ च्या जयंतीला, आमच्या वस्तीत नाटक बसवलं होतं. आजा बाबासाहेब झाला होता. कोट एका मास्तरचा मागून आणलेला, चष्म्याला काच नाही. पुणे कराराच्या प्रवेशात सही करण्याआधी आजाने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. काच नव्हती, तरी पुसला. म्हाताऱ्या बाया रडल्या म्हणे. वस्तीने वर्गणी काढून त्याला स्टीलचा डबा दिला. डब्यावर कोरून घेतलं, आजाचं नाव, खाली 'बाबासाहेबाचे काम केले' आणि १४.४.८४.

हे काही आजाचं एकट्याचं नाही. नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांचे जलसे गावोगाव फिरले. लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या जागीच गेले. आपल्याकडे नट नव्हते असं नाही. आपल्या नटांची यादी नव्हती.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. कोणाच्या दारात बक्षीस मागायला जाऊ नका. आपल्या वस्तीत जयंतीला, जलशात, पथनाट्यात ज्याने ज्याने काम केलं, त्याचं नाव, गाव, साल आणि काम एका कागदावर लिहून या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. म्हातारे आहेत तोवर विचारून घ्या. कोणी रमाई झाली असेल, कोणी महाडचा पाणी पिणारा माणूस, कोणी नुसता पोलीस. सगळ्यांची नावं पाठवा. सहाय्यक असा कप्पा करायचा नाही.

पहिलं नाव मी आजाचं पाठवतो आहे. साल शोधायला लागलं नाही. रोज गिरणीत भाकर नेतो तो डबा तोच.